दादोबा आणि माझे ‘पानी’

मी वेल्ह्याकडचा. भोरला आपल्या शाळेत नवा होतो तेव्हा शुद्धलेखनाच्या स्पर्धेत ‘पाणी’चे ‘पानी’ लिहिले, घरी बोलत तसेच. वर्ग हसला. तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. पुन्हा मी नाव दिले नाही.

व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे चरित्र वाचले ते फार उशिरा, स्वतः मास्तर झाल्यावर. जन्म १८१४ चा, मुंबईतला. बाविशीत, १८३६ साली, त्यांनी मराठीचे व्याकरण छापले आणि पुढच्या आवृत्त्यांत ते स्वतःच दुरुस्त करीत राहिले. सुरतेस असताना १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजींबरोबर मानवधर्म सभा काढली. मुंबईत १८४९ मध्ये परमहंस सभा. तिचे सभासद व्हायचे तर ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. हे सारे गुपचूप. समाजाचे भय त्यांनाही होतेच. पुढे डेप्युटी कलेक्टर, रावबहादूर झाले. १८८२ मध्ये वारले.

व्याकरण बांधणारा हा माणूस सोवळ्याओवळ्याच्या विरुद्ध होता, हे त्या वयात मला कुणी सांगितले नाही. माझ्या वर्गात कुणी ‘पानी’ लिहिले, तर मी त्याच्याशेजारी बसून ‘ण’ गिरवून घ्यायचो. वही वर्गाला दाखवत नसे.