कापड व्यापारी ते सूक्ष्म सृष्टीचे द्रष्टे : ॲन्टोनी व्हान लेव्हेनहूक

वनस्पती असो वा प्राणी, प्रत्येक सजीवाचा देह पेशींनी घडलेला आहे, हे आज शाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. परंतु डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय जीवांची ओळख ज्यांनी जगाला करून दिली, ते कोणी विद्यापीठातील पंडित नव्हते. ते हॉलंडमधील एक कापड व्यापारी होते.

ॲन्टोनी व्हान लेव्हेनहूक यांचा जन्म 1632 मध्ये डेल्फ्ट या गावी झाला. वडील टोपल्या विणीत. बालपणीच पितृछत्र हरपले. 1648 मध्ये ते ॲमस्टरडॅम येथे कापडाच्या पेढीवर उमेदवारीस राहिले आणि 1654 मध्ये स्वगावी परतून त्यांनी स्वतःचे दुकान थाटले. त्या काळी कापडाचे धागे मोजण्यासाठी व्यापारी भिंग वापरीत. लेव्हेनहूक यांनी पुढे स्वहस्ते शेकडो भिंगे घासून तयार केली. त्यांच्या उपलब्ध सूक्ष्मदर्शकांपैकी सर्वांत प्रभावी सूक्ष्मदर्शक वस्तू सुमारे 270 पट मोठी दाखवितो.

इंग्लंडमधील रॉबर्ट हुक यांनी 1665 मध्ये बुचाच्या पातळ कापात रिकामे कप्पे पाहून त्यांना पेशीवाचक नाव दिले होते. वनस्पतिपेशीभोवती कठीण भित्तिका असते. पेशी मृत झाली तरी ती टिकते, म्हणून ते कप्पे दिसले. प्राणिपेशीला अशी भित्तिका नसते, केवळ नाजूक पटल असते. लेव्हेनहूक यांनी 1674 मध्ये रक्तातील तांबड्या पेशींचे वर्णन केले व वाळूच्या कणाशी तुलना करून त्यांचे माप काढले. त्याच वर्षी तळ्याच्या पाण्यात त्यांना हालचाल करणारे सूक्ष्म जीव आढळले.

1676 मध्ये त्यांनी पाण्यातील त्याहूनही सूक्ष्म जीवांविषयी लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविले, तेव्हा विद्वानांना ते खरे वाटेना. लॅटिन न जाणणाऱ्या दुकानदाराच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? लेव्हेनहूक यांनी वाद घातला नाही. धर्मोपदेशकांसह आठ प्रतिष्ठित व्यक्तींना सूक्ष्मदर्शकातून ते जीव दाखवून त्यांच्या लेखी साक्षी त्यांनी 1677 मध्ये लंडनला धाडल्या. त्याच वर्षी हुक यांनी स्वतः प्रयोग करून ते जीव पाहिले व सभासदांनाही दाखविले. 1680 मध्ये सोसायटीने त्यांना सन्मानाने सदस्य करून घेतले.

आपली निरीक्षणाची सर्वोत्तम पद्धत मात्र त्यांनी कोणास सांगितली नाही. ती त्यांच्याबरोबरच गेली, ही उणीव नोंदविलीच पाहिजे. 26 ऑगस्ट 1723 रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. आपले 26 चांदीचे सूक्ष्मदर्शक त्यांनी सोसायटीस ठेवले होते.

आपण पाहिलेले जीव म्हणजे एकेक स्वतंत्र पेशीच आहे, हे त्यांना उमगले नव्हते. श्लायडेन यांनी 1838 मध्ये वनस्पतींविषयी व श्वान यांनी 1839 मध्ये प्राण्यांविषयी पेशीसिद्धान्त मांडला. पदवी नसतानाही चिकाटी, अचूक मोजमाप आणि पुराव्यानिशी बोलण्याची सचोटी यांच्या बळावर एका व्यापाऱ्याने ज्ञानाचे एक नवे दालन उघडले, हाच त्यांच्या जीवनाचा बोध होय.