केळकरकाका आणि सासूबाईंचा अडकित्ता

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा अध्यक्षबाईंचा निरोप आला तेव्हा मी पोळ्या लाटीत होते. दरवर्षी मी एखादी पाककृती देते. गेल्या वर्षी फणसाच्या आठळ्यांची भाजी दिली होती व ती पुष्कळ भगिनींनी करून पाहिली. यंदा मात्र थोरामोठ्यांचे चरित्र हवे, असे ठरले. मी सातवी शिकलेली. थोरांची चरित्रे लिहिणे हे शिकल्यासवरल्या बायकांचे काम. पण एक गृहस्थ असे आहेत की त्यांच्याविषयी मला लिहिलेच पाहिजे, कारण त्यांच्यामुळे मला माझी एक चूक कळली. त्यांचे नाव दिनकर गंगाधर केळकर. पुण्यात त्यांना काका केळकर म्हणत.

आपल्या मंडळाची पुण्याची सहल आठवत असेलच. दगडूशेठ गणपतीचे दर्शन, शनिवारवाडा, मग तुळशीबाग असा बेत होता. तुळशीबागेत जायची सर्वांना घाई. मध्येच कोणीतरी शुक्रवार पेठेतील केळकर संग्रहालयाचे नाव काढले, आणि ऊन फार होते म्हणून आम्ही आत शिरलो. खरे सांगते, मी सावलीसाठी शिरले. आत तलवारी आणि राजेलोकांच्या पगड्या असतील, असे वाटले होते. पाहते तो काय, विळी, खवणी, शेवयांचा साचा, पानाचा डबा, दौत, फणी, झोपाळ्याच्या कड्या! आपल्याच घरातला पसारा काचेच्या कपाटात ठेवलेला. आमच्यापैकी एक भगिनी तर मोठ्याने हसली.

मी मात्र एका कपाटापाशी उभी राहिले ती राहिलेच. तिथे अडकित्ते मांडले होते. एक ना दोन, कितीतरी. कुणाची मूठ पोपटाची, कुणाची घोड्याची, कुठे नवराबायकोची जोडी. सुपारी कातरायची एवढीशी वस्तू, पण करणाऱ्याने तिच्यात जीव ओतला होता. मूठ हाताच्या घामाने आणि वापराने गुळगुळीत झालेली. ती पाहून माझ्या पोटात गोळा आला. त्याचे कारण पुढे सांगते. आधी काकांचे चरित्र.

काकांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा. घरचा चष्म्यांचा धंदा होता. म्हणजे लोकांना नीट दिसावे, हाच त्यांचा व्यवसाय म्हणायचा. पण मन कवितेत. अज्ञातवासी या टोपणनावाने ते कविता लिहीत, आणि इतर कवींच्या कविता निवडून महाराष्ट्र शारदा नावाचा संग्रहही त्यांनी काढला. त्यांच्या कवितेला इतिहासाची ओढ फार. जुन्या काळावर लिहायचे तर तो काळ डोळ्यांपुढे हवा. त्या ओढीने ते जुने वाडे धुंडाळू लागले, आणि सन १९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला प्रारंभ केला. कवितेची वही बाजूला पडत गेली आणि वस्तूंनी घर भरत गेले. टोपणनावही कसे पाहा. जे दिवे, जी कुलुपे, ज्या वज्री ते शोधीत होते, त्याही माळ्यावर आणि कोठीच्या खोलीत अज्ञातवासातच पडलेल्या होत्या.

त्या काळात काय घडत होते, हे लक्षात घेतले पाहिजे. पेशवाई जाऊन शंभर वर्षे झाली होती. सरदारांचे वाडे पडू लागले होते. रॉकेलचे कंदील आले तसे तेलाचे टांगते दिवे अडगळीत गेले, आणि विजेचे दिवे आल्यावर कंदीलही गेले. पुढे स्टेनलेस स्टील आले आणि तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई लावायची कटकट कुणाला नको झाली. कल्हईवाला दारावरून ओरडत जायचा, तोही दिसेनासा झाला. पितळ मोडीत निघाले. मोडीत वस्तूची किंमत वजनावर होते. ती कुणी घडवली, तिच्यावर हत्ती आहे की मोर, हे तागडीला कळत नाही. भट्टीत सगळे सारखेच वितळते. राजेलोकांचे दागिने कुणीतरी जपतेच. बाईमाणसाच्या हातातली वज्री कोण जपणार?

वज्री म्हणजे काय, हे नव्या सुनांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. न्हाताना टाचा घासायची ती वस्तू. तळाशी खरखरीत आणि वर धरायला मूठ. केळकरांच्या संग्रहातल्या वज्रींवर पक्षी आहेत, प्राणी आहेत, आणि पोकळ असेल तिच्या पोटात गोळ्या घालून ती वाजती केलेली आहे. भल्या पहाटे उठून दळणकांडण करणाऱ्या बाईच्या भेगाळलेल्या टाचांसाठी कुणा कारागिराने एवढा नाद भरून ठेवला! त्याचे नाव कुठेच नाही. काकांनी मोठ्या कलावंतांची कामे शोधण्यापेक्षा अशा बिनानावाच्या माणसांचीच कामे जास्त गोळा केली, आणि मला वाटते यातच त्यांचे कवीपण होते.

यासाठी ते किती हिंडले असतील! नुसत्या महाराष्ट्रातच नव्हे, गुजरातची कोरीव दारे, राजस्थानच्या वस्तू, दक्षिणेकडचे दिवे असे सारे त्यांनी आणले. दिव्यांचा त्यांचा अभ्यास एवढा की भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने भारतातील दिव्यांवरचे त्यांचे पुस्तक छापले. कुलपांत एक विंचवाच्या आकाराचे कुलूप आहे. ते पाहून आमच्यातल्या मुलींनी किंचाळी फोडली. पुण्याजवळ कोथरूडला बाजीराव पेशव्यांनी १७३४ च्या सुमारास मस्तानीसाठी महाल बांधला होता. तो नष्ट होण्याच्या वाटेला लागला तेव्हा काकांनी त्याचे अवशेष आणून संग्रहालयात महाल पुन्हा उभा केला. एवढा मोठा महाल आणणारा माणूस पोह्याएवढी फणीही तितक्याच मायेने आणतो, याचे मला अधिक कौतुक वाटते.

आता त्यांच्या पत्नीविषयी. कमलाबाई त्यांचे नाव. त्यांची काकांना अखेरपर्यंत साथ होती, एवढेच पुस्तिकांतून लिहिलेले असते. मी गृहिणी आहे, मला त्या एका ओळीत पुष्कळ दिसते. नवरा रोज एक धुळीने माखलेली वस्तू घरी आणतो. आज दिवा, उद्या दाराची चौकट, परवा गाडाभर लाकूड. ती ठेवायची कुठे? पितळेला चिंच कुणी लावायची? वाळवी लागू नये म्हणून कोण पाहणार? महिनाअखेरचे वाणसामान भरायचे की जुना झारा घ्यायचा? माझ्या घरात असे कुणी केले असते तर मी तिसऱ्या दिवशी माहेरी निघाले असते. सन १९६० पर्यंत घरात सुमारे पंधरा हजार वस्तू झाल्या होत्या. पंधरा हजार! भगिनींनो, दिवाळीच्या साफसफाईला आपण किती कुरकुरतो, ते आठवा. संग्रहालयात काकांचे स्मरण होते तेव्हा कमलाबाईंचेही झाले पाहिजे.

आणि या सगळ्याच्या मुळाशी एक दुःख आहे. काकांना राजा नावाचा एकुलता एक मुलगा होता. तो सात वर्षांचा असताना गेला. मोठ्या घरचे वडील मुलाच्या नावे धर्मशाळा बांधतात, कुणी शाळेला देणगी देतात. काकांनी आपला सगळा संग्रह त्या लेकराच्या नावे केला. १९६२ साली शुक्रवार पेठेतील आपल्या वास्तूतच संग्रहालय उभे राहिले. म्हणून त्याचे नाव राजा दिनकर केळकर संग्रहालय. मी पाटी वाचली तेव्हा मला राजा हे कुणा संस्थानिकाचे बिरुद वाटले होते. सात वर्षांच्या मुलाचे ते नाव आहे, हे कळल्यावर मी पुन्हा आत गेले आणि खेळण्यांपुढे उभी राहिले. सोंगट्या, गंजिफा, बाहुल्या. ते मूल यांतल्या कशाशी खेळले असते, असे उगाच मनात आले.

पुढे १९७५ साली काकांनी सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. जन्मभर जमवलेले एका सहीने देऊन टाकायचे, हे जमवण्याहूनही कठीण. त्यांना पुणे विद्यापीठाने मानाची डॉक्टरेट दिली, सरकारने पद्मश्री दिली. १७ एप्रिल १९९० रोजी वयाच्या चौऱ्याण्णव्या वर्षी ते गेले. आज संग्रहात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत आणि जागेअभावी अडीच हजारांच्या आसपासच मांडलेल्या असतात. म्हणजे बाकीच्या पुन्हा अज्ञातवासातच की!

आता माझी गोष्ट. सासूबाईंना सुपारीची सवय होती. त्यांचा अडकित्ता त्यांच्या सासूबाईंचा. पात्याला जुनाट काळपटपणा आणि मुठीवर झिजून झिजून ओळखू न येणारा पक्षी. मोर की पोपट, यावर घरात वाद होई. मी नवी सून. माझ्या डोळ्यांना तो गंजका खिळखिळा वाटायचा. एकदा त्यांचे डोळ्याचे ऑपरेशन होते, त्या आठ दिवस लेकीकडे होत्या. मी माळा आवरला. पितळेचा एक गडू, दोन फुटके झारे आणि त्यांबरोबर अडकित्ताही बाजारात मोडीत घातला, आणि वर पैसे घालून झाकणाचा चांगला स्टीलचा डबा घेतला. घर आवरल्याचे समाधान वाटले होते हो मला!

सासूबाई परत आल्या. दुपारी जेवणानंतर नेहमीच्या जागी त्यांचा हात गेला. कोनाड्यात काही नव्हते. त्या मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून आमचे हे त्यांना कातरलेली सुपारी पुडीतून आणून देऊ लागले. ती त्या तोंडात टाकीत, पण कातरतानाचा तो कट्‌कट् आवाज दुपारच्या घरातून गेला तो गेलाच. दोन वर्षांनी त्या वारल्या. रागावल्या असत्या तर बरे झाले असते, असे मला पुष्कळदा वाटते.

आपले उल्हासनगर हे तसे जुन्या वस्तूंचे गाव नव्हे. महायुद्धात लष्करासाठी बराकी बांधल्या, १९४७ ला फाळणी झाली, सिंधमधून माणसे आली ती या बराकींत राहिली, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गावाला उल्हासनगर हे नाव मिळाले. आपल्या कॅम्प पाचच्या पलीकडे वालधुनीच्या काठी सन १०६० चे अंबरनाथचे शिवालय उभे आहे, आणि अलीकडे आपण सारे बाहेरून आलेले. कुणी सिंधहून, कुणी आमच्यासारखे कोकणातून. जीव घेऊन निघालेला माणूस सोबत काय आणणार? आमच्या शेजारच्या सिंधी आजींच्या घरी एक लाटणे होते. त्यांच्या आईने कराचीहून बोटीत बसताना कपड्यांच्या गाठोड्यात घातलेले. इथे आल्यावर त्याच लाटण्याने पापड लाटून त्या माउलीने मुलांना वाढवले. लाटणे मधोमध इतके झिजले होते की पोळी एकसारखी लाटली जात नसे. आजींनी ते कधी टाकले नाही. पूर्वी मला त्यांचा हा हट्ट वाटे.

सहलीहून आल्यावर कोजागिरीला आपल्या एका भगिनीने हायकू वाचून दाखवले. मला तो शब्दच नवा. जपानातली ही तीन ओळींची कविता, मराठीत ती शिरीष पै यांनी रुजवली. जपानात बाशो नावाचा कवी तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी होऊन गेला, त्याने बेडूक, पाऊस, वाळके गवत अशा साध्यासुध्या गोष्टींवर त्या लिहिल्या. केळकरकाका हायकू लिहीत नव्हते, त्यांची कविता निराळी. पण मला ऐकता ऐकता सारखे संग्रहालयच दिसत होते. एक वस्तू, तिच्याकडे नीट पाहणे, आणि गप्प बसणे. फार बोलायचे नाही. काचेमागची ती एकेक वज्री, तो एकेक दिवा म्हणजे हायकूच की.

मीही मग एक लिहायला बसले. वाणसामानाच्या वहीच्या मागच्या पानावर. पहिल्या ओळीत कोनाडा आला, दुसरीत दुपार आली. तिसरीत अडकित्त्याचा पक्षी आणायचा होता, पण तो मोर की पोपट हे ठरेना, आणि आता विचारायला सासूबाई नाहीत. कविता तशीच राहिली आहे. यांना विचारले तर हे मोर म्हणतात. नणंदबाईंना फोन केला तर त्या पोपट म्हणतात.

यंदाच्या वर्धापनदिनाला हळदीकुंकवाबरोबर एक टेबल मांडायचे आपण ठरवले आहे. प्रत्येकीने घरातली एक जुनी, वापरून झिजलेली वस्तू आणायची आणि ती कुणाची होती एवढेच चिठ्ठीवर लिहायचे. चांदीची नको, शोभेची नको. सिंधी आजी आता नाहीत, पण त्यांच्या सुनेने लाटणे आणायचे कबूल केले आहे. आमच्या घरातून नेण्यासारखे जुने पितळ मी शिल्लक ठेवलेले नाही. म्हणून मी तो स्टीलचा डबा घेऊन येणार आहे, आत अख्ख्या सुपाऱ्या घालून. चिठ्ठीवर सासूबाईंचे नाव लिहीन.