झाडूच्या आड राहिलेले गाडगेबाबा

डिसेंबरची वीस तारीख आली की गावोगावच्या शाळांतून आणि ग्रामपंचायतींतून गाडगेबाबांच्या तसबिरीला हार घातला जातो, मुलांच्या हाती खराटे दिले जातात आणि घटकाभर रस्ते झाडून पुण्यतिथी साजरी होते. जळकोटसारख्या डोंगराळ, कोरडवाहू तालुक्यातही याला अपवाद नाही. २००० साली राज्य शासनाने ग्रामस्वच्छता अभियानाला बाबांचे नाव दिले, तेव्हापासून तर खराटा आणि गाडगेबाबा हे समीकरण पक्केच झाले आहे. ते चुकीचे नाही. पण अपुरे आहे. दिवसा गाव झाडणारा हा माणूस रात्री कीर्तनाला उभा राहिला की कर्ज, देवापुढचा पशुबळी, शिवाशीव आणि दारू यांवर तुटून पडत असे. यांपैकी दारूवरचे कीर्तन आपण सोयीस्करपणे विसरलो. खराट्याला सरकारी तिजोरीतून फारसे काही द्यावे लागत नाही. दारूला नकार द्यायचा तर तिजोरीत येणारे बरेच काही सोडावे लागते. विस्मरणाचे कारण शोधण्यासाठी याहून फार दूर जाण्याची गरज नाही.

बाबांच्या चरित्राचा आरंभच मुळी दारूने झालेल्या एका मृत्यूपासून होतो. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परीट समाजातील झिंगराजी जानोरकर यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. नाव डेबूजी. वडील कष्टाळू होते, पण व्यसनाने त्यांना ग्रासले आणि १८८४ च्या सुमारास ते वारले. डेबू तेव्हा आठ वर्षांचा. आई सखुबाई त्याला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुरे या आपल्या माहेरी आली. एरवी अशा मृत्यूची नोंद कुणी घेत नाही. खेड्यात दारूने मेलेला माणूस नशिबाने मेला, असेच धरले जाते. झिंगराजींच्या बाबतीत मात्र चरित्रकार एक गोष्ट आवर्जून सांगतात. त्यांना दारूची ओळख गुत्त्यावर झाली नव्हती, देवाच्या दारात झाली होती. नवस फेडायचा तर बकरे कापायचे, बकरे कापले की भाऊबंदांना जेवण द्यायचे आणि जेवण म्हटले की दारू आलीच. बारसे असो की तेरावे, पंगतीला प्याला लागायचाच. प्रसाद म्हणून ओठाला लागलेले पुढे घर गिळून बसले.

हा धागा हातात धरल्याखेरीज बाबांच्या पुढील आयुष्याचा अर्थ लागत नाही. व्यसन ही त्यांच्या दृष्टीने एकट्या माणसाची दुर्बलता नव्हती. ती समाजाची रीत होती आणि त्या रीतीवर धर्माचा शिक्का होता. म्हणून दारू सोडवायची तर आधी देवपूजाच धुऊन काढली पाहिजे, हे त्यांनी कोणत्याही ग्रंथाच्या मदतीवाचून ओळखले.

दुसरा धडा दापुऱ्यास मिळाला. मामा चंद्रभान यांच्या शेतीत डेबूजी जिवापाड राबला. मामा मात्र सावकाराच्या कागदांवर विसंबून राहिले आणि कागदांनी त्यांची जमीन खाल्ली. मामा खचून गेले. त्यांच्यामागे डेबूजीने सावकाराला शेतात उभे राहून विरोध केला, ताबा सोडण्यास नकार दिला आणि निरक्षर माणसाचे हिशेबाचे अज्ञान हेच सावकाराचे खरे भांडवल आहे, ही गोष्ट कायमची मनात नोंदवून ठेवली. पुढे कीर्तनात मुलांना शिकवा, कर्ज काढू नका, दारूला शिवू नका या तीन सूचना ते एका दमात देत, त्याचे मूळ इथे आहे. त्या तीन वेगवेगळ्या सूचना नाहीत. व्यसनी माणसाची मागणी किमतीला फारशी जुमानत नाही. दारू महागली म्हणून तो फारसे कमी पीत नाही, घरातले पीठ कमी होते. पीठ कमी झाले की बायको सावकाराच्या ओट्यावर जाते आणि सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे ते तिला वाचता येत नाही. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात हे तीन स्वतंत्र प्रकरणांत सापडेल. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात ते एकाच चुलीपाशी घडते.

१८९२ साली डेबूजीचे कुंताबाईंशी लग्न झाले. पहिल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू यांची पंगत व्हायला हवी होती. डेबूजीने गोडाधोडाचे शाकाहारी जेवण वाढले. आज ही गोष्ट किरकोळ वाटेल. त्या काळी जातपंचायतीपुढे ही बंडखोरी होती. भाऊबंद नाराज झाले, वडीलधाऱ्यांनी देवाच्या कोपाची भीती घातली. एका तरुणाने स्वतःच्या घरातील मंगल प्रसंगी, आपल्याच लोकांच्या पानात, आपल्या बापाला मारणारी वस्तू वाढण्यास नकार दिला. नंतरच्या पन्नास वर्षांतील हजारो कीर्तनांचे बीज या एका पंगतीत आहे.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि मातीचे गाडगे. पुढची काही वर्षे भ्रमंतीची. गावात शिरायचे, कुणी न सांगता झाडायला लागायचे, भाकरीच्या बदल्यात लाकडे फोडायची. लोकांनी वेडा म्हटले तर म्हणू द्यायचे. या कालखंडावर भाविकांनी पुष्कळ लिहिले आहे. त्यात अधिक रमण्याचे कारण नाही.

विचार करण्याजोगे आहे ते ऋणमोचन. पूर्णेच्या काठच्या या क्षेत्री पौष महिन्यातील रविवारी यात्रा भरते. नावाचा अर्थ कर्जातून सुटका, आणि यात्रेला येणारे लोक गळ्यापर्यंत कर्जात बुडालेले. पूर्णेच्या चिखलातून धडपडत बायाबापड्या स्नानाला जात. बाबांनी तेथे आधी स्वतः माती वाहिली, मग लोकांना कामाला लावले आणि १९०८ च्या सुमारास घाटाचे काम उभे राहू लागले. पुढे लक्ष्मीनारायणाचे मंदिर झाले. लुळ्यापांगळ्यांना तेथे अन्नदान होऊ लागले. बाबांनी कुणाला दारू सोड एवढेच सांगून परत पाठवले नाही. सोडलेल्या वेळेचे आणि वाचलेल्या पैशाचे काय करायचे, हेही समोर ठेवले. दगड उचला, चुना मळा, पंगतीला वाढा. पिणाऱ्याच्या दिवसातून गुत्ता काढून घेतला की संध्याकाळ रिकामी होते आणि ती रिकामी संध्याकाळच त्याला पुन्हा गुत्त्यावर नेते. ऋणमोचनच्या घाटाने आणि रात्रीच्या नामघोषाने ती संध्याकाळ भरून काढली.

कीर्तनाची त्यांची रीतही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. वऱ्हाडी बोलीत ते समोरच्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर मिळेपर्यंत पुढे जात नसत. कर्ज वाईट की बरे, दारूने कुणाचे घर वर आले, देवाला बकरे मागता येते काय. शेकडो माणसे एका आवाजात उत्तर देत. चारचौघांत, शेजाऱ्यांच्या, व्याह्यांच्या आणि क्वचित सावकाराच्याही देखत तोंडून निघालेला हा होकार-नकार म्हणजे एक प्रकारची शपथच होती. फक्त तिला शपथ म्हटले जात नव्हते. व्यसनी माणसाला बंद खोलीत दिलेला उपदेश आणि पंगतीतल्या माणसांसमोर स्वतःच्या तोंडून निघालेला शब्द यांत फार अंतर आहे.

हे अंतर जगाने निराळ्या वाटेने ओळखले. १९३५ साली अमेरिकेतील अक्रन शहरात एक शेअरबाजारातला माणूस आणि एक शल्यचिकित्सक, दोघेही दारूने उद्ध्वस्त झालेले, एकमेकांसमोर बसले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ जन्मली. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅडलबॅक या बॅप्टिस्ट चर्चने व्यसनी माणसांसाठी साप्ताहिक सभा सुरू केली. पुढे ती पद्धत इतर अनेक चर्चनी उचलली. आपल्या उपासनामंदिरात दारुड्यांना बोलावले तर प्रतिष्ठित मंडळी दूर जातील, ही शंका अशा ठिकाणी येतेच. पण सावरलेला माणूस उपासक मंडळींवरचा भार ठरत नाही. इतरांना सावरायला पहाटे दोनला उठून जाणारा तोच असतो. त्याला धर्म पाठ नसतो, धर्माची गरज मात्र त्याच्याइतकी दुसऱ्या कुणाला ठाऊक नसते. गाडगेबाबांच्या मागे राबलेल्या माणसांचे बळ याच जातीचे होते.

तथापि बाबांच्या पद्धतीत एक उणीवही होती आणि ती मान्य केली पाहिजे. ते एका गावी टिकत नसत. रात्री कीर्तन, पहाटे प्रस्थान. त्यांनी कुणाला दीक्षा दिली नाही, गादी निर्माण केली नाही, पायाला हात लावू दिला नाही. आपण कुणाचे गुरू नाही, हे ते पुनःपुन्हा सांगत. मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या गावातल्या पिणाऱ्या माणसाला आवरायचे कुणी? हे काम वारकऱ्यांच्या भजनी मंडळांकडे आपोआप आले. तुळशीची माळ घालणारा माणूस मद्य-मांस सोडतो, एकादशी धरतो, वारीला जातो. जळकोट-उदगीरकडे अमुक माणूस माळकरी झाला असे म्हणतात, तेव्हा तो कोणता अभंग गातो हे कुणी विचारत नाही; त्याची पिशवी आता कुठे जात नाही, हे साऱ्या गावाला कळते. मंडळाला नियमाने येणारा टाळकरी मिळतो आणि घराला मजुरीचा पैसा मिळतो. बाबांची एक रात्र आणि मंडळाचे वर्षभराचे भजन या दोहोंची सांगड जिथे पडली असेल तिथेच ती शपथ टिकली असणार. जिथे मंडळच नव्हते, किंवा जिथे सप्ताहाच्या वर्गणीत गुत्तेदाराचा आकडा सर्वांत मोठा होता, तिथे काय झाले असेल याचा अंदाज कुणालाही करता येईल.

गुत्तेदार हा शब्द मराठवाड्यात आज रस्त्याच्या ठेकेदारालाही लावतात. या प्रदेशाचा इतिहास त्या एका शब्दात साठला आहे. जळकोट तेव्हा निजामाच्या राज्यात, बिदर जिल्ह्यात होते. दारू आणि शिंदी विकण्याचा हक्क लिलावाने दिला जाई आणि आबकारी हे संस्थानच्या उत्पन्नाचे एक मोठे कलम होते. १९४७ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा पेटला, तेव्हा शिंदीची झाडे तोडणे हा सत्याग्रहाचा एक कार्यक्रम झाला, तो याच कारणाने. राज्यकर्त्याच्या खजिन्यावर घाव घालायचा तर कुऱ्हाड कुठे चालवावी, हे खेड्यातल्या पोरांनाही ठाऊक होते.

बाबांच्या उत्तरायुष्यात धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९१७ ची. पुढे नाशिक, आळंदी, देहू, मुंबई. कुठेही स्वतःचा किंवा कुटुंबाचा हक्क ठेवला नाही. चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी बाकीच्या संस्थांसाठी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. व्यसनापायी फुकट जाणारा पैसा आणि श्रम समाजाच्या कामी लागले तर किती विटा चढतात, याचा हा हिशेब ज्याला पाहायचा असेल त्याला आजही पंढरपुरात पाहता येईल.

याच काळात राज्यानेही दारूविरुद्ध पाऊल टाकले. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. बाबांची अनेक वर्षांची मागणी कायद्याच्या पुस्तकात उतरली, असे वाटावे असा तो क्षण होता. प्रत्यक्षात हातभट्ट्या फोफावल्या, हप्ते ठरले आणि पुढच्या दोन दशकांत परवान्यांची दारे टप्प्याटप्प्याने उघडत गेली. १९५९ मध्ये कायद्याचा विस्तार मराठवाड्यापर्यंत झाला, तोही या वाटेने क्षीण होत गेला. पुढे १९९३ मध्ये गडचिरोलीत आणि २०१५ मध्ये चंद्रपुरात दारूबंदी झाली. चंद्रपूरची २०२१ मध्ये उठवण्यात आली. आडव्या बाटलीसाठी मतदान करायला रांगेत उभ्या राहणाऱ्या बायका मात्र थकलेल्या नाहीत. कायदा दुकान बंद करू शकतो, संध्याकाळ भरू शकत नाही. आणि भजनी मंडळ संध्याकाळ भरू शकते, पण चौकातले दुकान बंद करू शकत नाही. दोघांनी एकमेकांवर जबाबदारी ढकलली की मधल्या मधे बायकोच्या हातचे मजुरीचे पैसे जातात.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथील पोलीस ठाण्याच्या आवारात बाबांचे अखेरचे कीर्तन झाले. प्रकृती ढासळली होती. आठवडाभरापूर्वीच, १ नोव्हेंबरला, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला होता. दारूबंदीच्या त्या राजधानीत समोर बसलेले श्रोते कोण होते, तर बंदीची अंमलबजावणी ज्यांच्या हाती होती ते पोलीस आणि त्यांची कुटुंबे. ऐंशी वर्षांचा तो म्हातारा त्यांच्याशीही नेहमीसारखाच बोलला, प्रश्न विचारीत, उत्तर मिळेपर्यंत थांबत. त्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण झाले, म्हणून त्यांचा आवाज आज ऐकता येतो. त्यानंतर दीड महिन्याने, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर, पेढी नदीच्या पुलापाशी, प्रवासातच त्यांचे निधन झाले.