मास्टर विनायक

मनुष्यास हसविणे कठीण. आणि हसविता हसविता त्याचा दोष त्याच्या पदरात घालणे त्याहून कठीण. अमेरिकेच्या चित्रपटसृष्टीत चार्ली चॅप्लिन ह्यांनी भटक्याच्या सोंगाने हे कार्य केले आणि १९४० साली तर प्रत्यक्ष हुकूमशहाचे सोंग आणून त्याची फजिती केली. महाराष्ट्रात ह्याच वाटेने जाणारे नट व दिग्दर्शक म्हणजे मास्टर विनायक होत.

विनायक दामोदर कर्नाटकी ह्यांचा जन्म १९ जानेवारी १९०६ रोजी कोल्हापुरास झाला. प्रभात कंपनीच्या १९३२ सालच्या 'अयोध्येचा राजा' ह्या बोलपटात त्यांनी नारदाची भूमिका केली. १९३६ साली बाबूराव पेंढारकर व छायालेखक पांडुरंग नाईक ह्यांच्यासह त्यांनी 'हंस पिक्चर्स' ही संस्था स्थापिली. वि. स. खांडेकरांच्या कथेवरील गंभीर 'छाया' हे तिचे पहिले चित्र. परंतु विनायकरावांचे नाव घरोघरी पोहोचले ते आचार्य अत्रे ह्यांनी लिहिलेल्या विनोदी बोलपटांमुळे.

'ब्रह्मचारी' (१९३८) ह्या चित्रात औदुंबर नावाचा तरुण एका व्याख्यानाने भारावून आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेतो, नट्यांची चित्रे टाकून देतो, शिस्तीच्या संस्थेत दाखल होतो. आणि किशोरी दृष्टीस पडताच त्याचा निश्चय डळमळतो. ही हास्यास्पद भूमिका विनायकरावांनी स्वतःच केली. पुढल्याच वर्षी मुंबईत दारूबंदी आली, तेव्हा 'ब्रँडीची बाटली' निघाले. ब्रँडी म्हणजे काय हेही ठाऊक नसलेला भोळा बगाराम तिच्या शोधार्थ वणवण करतो. दामुअण्णा मालवणकरांच्या नुसत्या मुद्रेने प्रेक्षक लोटपोट होत.

ब्रह्मचर्य व मद्यनिषेध ही सद्व्रते. त्यांची थट्टा करणे योग्य काय, असा प्रश्न कोणाही विचारी वाचकास पडेल. परंतु नीट पाहता विनायकरावांचा रोख व्रतावर नसून, विचार न करता घेतलेल्या शपथेवर व तिच्या बडेजावावर होता. खरे शील थट्टेने ढासळत नाही; ढासळते ते सोंग.

त्यांचे अंतःकरणही कोमल होते. १९४२ साली मास्टर दीनानाथ मंगेशकर निवर्तल्यावर त्यांच्या पोरक्या कुटुंबास विनायकरावांनी आधार दिला आणि बाल लतेस आपल्या 'प्रफुल्ल पिक्चर्स'मध्ये काम दिले.

१९ ऑगस्ट १९४७ रोजी, देश स्वतंत्र होऊन चारच दिवस झाले असता, वयाच्या अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी ते निधन पावले. स्वतंत्र देशास स्वतःकडे पाहून हसणारी माणसे हवी असतात. विद्यार्थिबंधूंनो, दुसऱ्यास हसण्यापूर्वी स्वतःचे हसे करून घेण्याचे विनायकरावांचे धैर्य आपल्या अंगी येवो.