वाण्याची वाणी आणि दादोबांचे व्याकरण

डहाणूच्या शाखेत मी तीन वर्षे काढली. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. मी होतो तेव्हा डहाणू आणि तलासरी ठाणे जिल्ह्यातच मोडत. आठवड्यातून एकदा आम्ही कर्जाचे अर्ज भरून घ्यायला तलासरीला जात असू. झाडाखाली टेबल टाकायचे, समोर रांग, बाजूला शाई-पॅडवर अंगठे. एके दिवशी एका वारली शेतकऱ्याने पान्याच्या इंजिनासाठी कर्ज मागितले. मी अर्जात पाण्याचे इंजिन असे लिहिले आणि लिहिता लिहिता त्याचा उच्चारही दुरुस्त केला. तो हसला. मागची माणसेही हसली. मला वाटले, आपण थोडे शिक्षण दिले.

पुढे कधीतरी दादोबा पांडुरंगांविषयी वाचताना त्या दुपारची आठवण झाली आणि कानशिले तापली. त्या माणसाने माझ्या हिशेबाने एक अक्षर चुकवले होते. ‘ण’ चा ‘न’ केला होता, जो त्या पट्ट्यात अनेकांच्या तोंडी असतो. पण मराठीतली खरी अवघड गोष्ट त्याने बिनचूक केली होती. ‘पानी’ ह्या शब्दाला प्रत्यय लागताच त्याने शेवटची ‘ई’ मोडून ‘पान्या’ असे रूप केले होते. चार-सहा मैलांवर गुजरातची हद्द लागते. तिकडच्या भाषेत पाणी प्रत्ययापुढेही पाणीच राहते. ही मोडणी मराठीची आहे. ती त्याला कुणी शिकवली नव्हती, आणि मला ती येते हे मलाही माहीत नव्हते.

ही गोष्ट ज्यांच्यामुळे मराठी शाळेच्या फळ्यावर आली त्यांत दादोबा पांडुरंग तर्खडकर पहिल्या फळीचे. त्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात. पदवी जरा भरजरी आहे, पण ती दीडशे वर्षे टिकली हेही खरे. घराणे मूळचे वसईजवळच्या तर्खडचे, म्हणजे आजच्या हिशेबाने पालघर जिल्ह्यातले. दादोबांचा जन्म मात्र मुंबईचा, ९ मे १८१४ चा. पेशवाई बुडायला चार वर्षे होती. आधी पंतोजींच्या शाळेत, मग मुंबईतल्या नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत ते शिकले. नव्या इंग्रजी विद्येची ती अगदी पहिली तुकडी. हे लोक एका हाताने संस्कृत आणि दुसऱ्या हाताने इंग्रजी चाचपत मराठीकडे पाहत होते.

महाराष्ट्र भाषेचे व्याकरण छापून निघाले ते १८३६ साली. लेखकाचे वय बावीस! त्या वयात मी बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरत होतो. विल्यम कॅरीने श्रीरामपुरात १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले होते, पण ते इंग्रजीत आणि साहेबांसाठी. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, तोही मराठी शब्दांचे इंग्रजी अर्थ देणारा. मराठी मुलाला त्याचीच भाषा त्याच भाषेत समजावून सांगायची, हे काम पुढे होते. गंगाधरशास्त्री फडके ह्यांचे व्याकरणही त्याच सुमारास आले. शाळांमध्ये मूळ धरले ते दादोबांच्या पुस्तकाने. दुसरी आवृत्ती १८५० मध्ये निघाली, १८६५ मध्ये लहान मुलांसाठी लघुव्याकरण आले.

दादोबांपुढचा पेच समजून घेण्यासारखा आहे. संस्कृतात दोन ध्वनी शेजारी आले की त्यांचा संधी होतो, आणि तिथे बव्हंशी ध्वनीच ध्वनीला बदलतो. मराठी नामाचे तसे नाही. वाचकांनी एक साधा शब्द घ्यावा: वाणी. किराणा विकणारा वाणी असेल तर आपण वाण्याला म्हणतो, आणि तोंडातून निघणारी वाणी असेल तर वाणीला. कानाला दोन्ही शब्द तंतोतंत सारखे, मग एकीकडे ‘ई’ मोडते आणि दुसरीकडे शाबूत राहते ती का? एक पुल्लिंगी, एक स्त्रीलिंगी, म्हणून. ध्वनी काय होणार हे इथे शब्दाची जात ठरवते. म्हणून एस. टी. तलासरीला आणि बोर्डीला जाते, त्या नावांना धक्का लागत नाही. पण वाडा आला की गाडी वाड्याला जाते आणि मोखाडा आला की मोखाड्याला. त्यातही हत्ती आपल्या वजनाने नियम मोडतो. तो माळ्याच्या, मोत्याच्या रांगेतला असूनही हत्तीला असाच राहतो.

ह्याच्या उलटही घडते. आम्हा बँकवाल्यांचे रोजचे शब्द पाहा. तारीख, तारखेला, बेरीज, बेरजेत. पण जमीन मात्र जमिनीला. पहिल्या दोन शब्दांत मधली ‘ई’ पार नाहीशी झाली, तिसऱ्यात नुसती ऱ्हस्व झाली. पाटील पाटलाला होतो, वकील वकिलाला. कुणाला वाटेल, अस्सल आणि परका असा हा भेद असावा. तसे नाही, तारीखही अरबीच. भेद पहिल्या अक्षरात आहे. पहिले अक्षर दीर्घ असेल तर मधला स्वर गळतो, ऱ्हस्व असेल तर तो आखडून का होईना टिकतो. माणूस, लाकूड, कापूस ह्याच वाटेने माणसाला, लाकडाला, कापसाला होतात. म्हणजे शेवटच्या स्वराचा निकाल लिंग लावते आणि मधल्या स्वराचा निकाल शब्दाचा उच्चार लावतो, आणि हे दोन्ही निकाल एकाच क्षणी, विचार न करता, पाच वर्षांचे पोर देते.

दादोबांनी इंग्रजी व्याकरणाची मांडणी उचलली आणि संस्कृतच्या विभक्ती कायम ठेवल्या. त्या साच्यात मराठी बसवताना ओढाताण झाली आहे, ती पुढच्यांनी दाखवलीही. मोरो केशव दामल्यांचे शास्त्रीय मराठी व्याकरण १९११ मध्ये आले, ते अधिक खोल आणि काटेकोर. तरी पहिली नांगरट दादोबांच्या पिढीची.

ह्या व्याकरणकाराचे उरलेले आयुष्य नियम मोडण्यात गेले. १८४०च्या दशकात ते सुरतेला शिक्षक होते. रेल्वे यायची होती. सुरत आणि मुंबईच्या मधोमध डहाणूचा किनारा. गलबताने जा नाही तर जमिनीवरून, तो ओलांडावाच लागे. सुरतेत १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजी आणि इतरांबरोबर त्यांनी मानवधर्म सभा काढली. मुंबईला परतल्यावर १८४९ मध्ये परमहंस सभा निघाली, तिच्या मुळाशीही तेच. जातिभेद आणि मूर्तिपूजा न मानणाऱ्यांची ही सभा गुप्तपणे भरे. जातीबाहेरच्याच्या हातचे अन्नपाणी घेणे ही तिथली दीक्षा. १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रे चोरीला गेली, नावे फुटणार अशी भीती पसरली आणि सभा विस्कटली. धाकटे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग ह्यांनी १८६७ मध्ये प्रार्थना समाज काढला तो उघडपणे. दुसरे भाऊ भास्कर ह्यांनी १८४१ मध्येच इंग्रजी वृत्तपत्रात कंपनी सरकारच्या लुटीवर कडक पत्रे लिहिली होती.

बंद दाराआड माणसांनी केलेले नियम मोडायचे आणि उघड्यावर भाषेचे नियम मांडायचे, ह्या दोन गोष्टी एका माणसात कशा नांदल्या असतील? कादंबरीकाराला मोह होतो, पण मला ह्यात विसंगती दिसत नाही. वाण्याला की वाणीला, हा नियम कुणा शास्त्रीबुवाने केलेला नाही. कुणाच्या हातचे पाणी प्यायचे, हा केलेला होता.

एक गोष्ट मात्र खटकते, ती सांगितलीच पाहिजे. १८५० च्या दशकात दादोबा अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर होते. तिथे भिल्लांचा उठाव मोडण्यातल्या कामगिरीबद्दल सरकारने त्यांना रावबहादूर केले. जात न मानणाऱ्या ह्या विद्वानाची आदिवासींशी गाठ पडली ती अशी. त्यांच्या तोंडची भाषा त्यांच्या व्याकरणाच्या कक्षेत नव्हती. शाळेला जी मराठी हवी होती ती शिष्टांची. वारल्यांच्या बोलीचे नमुने छापून यायला ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीचा सातवा खंड उजाडावा लागला, १९०५ साली. त्या दिवशी मी झाडाखाली जे केले त्याची मुळे ह्या उशिरात आहेत. दोष दादोबांच्या माथी मारून मला सुटता येणार नाही, हेही खरे.

निवृत्तीनंतर त्यांनी मोरोपंतांच्या केकावलीवर टीका लिहिली, स्वीडनबॉर्ग ह्या युरोपीय तत्त्वज्ञावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. पण व्याकरणाने पाठ सोडली नाही. १८८१ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी आपल्या मोठ्या व्याकरणाला पूरणिका जोडली. पंचेचाळीस वर्षांनंतरही हिशेब जुळवायचा राहिला होता. त्याच साली रशियातल्या कझान शहरात क्रुशेव्स्की नावाच्या तरुण पोलिश अभ्यासकाने, शब्द घडताना त्यातले ध्वनी एकमेकांशी अदलाबदल का करतात ह्यावर निबंध छापला. त्यातून भाषाविज्ञानाची एक शाखा उभी राहिली. तिला नाव मिळाले विसाव्या शतकात, त्रुबेत्स्कोयकडून. मुंबई आणि कझान ह्यांना एकमेकांची खबर नव्हती. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी दादोबा गेले.

निवृत्तीनंतर मी एकदा डहाणूला गेलो होतो. घोलवडच्या बाजूला चिकूच्या वाड्या पूर्वीसारख्याच गच्च. रस्त्यावर करंड्या घेऊन बसलेल्या बाईजवळ तिची नात वही उघडून बसली होती. लाडू लाडवाचा होतो, विंचू विंचवाचा होतो. पण चिकू बाहेरून आलेला, त्याला आपण हात लावत नाही. डहाणूही डहाणूचाच राहतो. मुलीने वहीत लिहिले होते, चिकवाचा भाव. मास्तरांनी त्याभोवती लाल गोल काढला होता. मी वही परत दिली, अर्धा डझन चिकू घेतले आणि काही बोललो नाही.