डॉ. विठ्ठल शिरोडकर : गर्भपिशवी काढण्याऐवजी वर उचलून धरणारे सर्जन

तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या डिस्चार्ज कार्डवर शिरोडकर टाका किंवा शिरोडकर स्लिंग असे लिहिलेले आहे का? ते एका मराठी मुलखातल्या डॉक्टरांचे आडनाव आहे.

पाथर्डी-शेवगाव भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या, डोक्यावर मोळ्या वाहणाऱ्या बायका दवाखान्यात दोन तक्रारी एकत्र सांगतात. अंग बाहेर येतं आणि खोकलं की लघवी सुटते. पाठोपाठ प्रश्न असतो, पिशवी काढून टाकू का? या प्रश्नाचे अर्धे उत्तर शिरोडकरांच्या आयुष्यात सापडते.

गोव्यातून मुंबईत

विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म 27 एप्रिल 1899 रोजी गोव्यातल्या शिरोडा गावी झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून 1927 मध्ये त्यांनी प्रसूतिशास्त्रात एमडी केले. पुढे इंग्लंडला जाऊन 1931 मध्ये एफआरसीएस झाले. परत आल्यावर त्यांनी मुंबईतच शस्त्रक्रिया केल्या आणि विद्यार्थी घडवले.

त्या काळी काही बायकांचा गर्भ दर वेळी चौथ्या-पाचव्या महिन्यात पडे. गर्भपिशवीचे तोंड सैल असल्याने ते वेळेआधी उघडत असे. शिरोडकरांनी बाईच्याच मांडीतल्या स्नायूंवरच्या चिवट आवरणाची पट्टी काढून पिशवीच्या तोंडाभोवती बांधली. 1955 मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली आणि शिरोडकर टाका जगभर पोहोचला.

अंग बाहेर येण्यावरही त्यांनी असाच विचार केला. तरुण बाईची पिशवी खाली सरकली, पण तिला अजून मूल हवे आहे, तर पिशवी काढायची कशाला? पट्टीचे एक टोक पिशवीच्या तोंडाला मागून आणि दुसरे कमरेखालच्या मजबूत हाडाला जोडून त्यांनी पिशवी वर धरली. हीच शिरोडकर स्लिंग. पुढे मांडीच्या पट्टीऐवजी कृत्रिम फीत वापरात आली.

1960 मध्ये पद्मभूषण आणि 1971 मध्ये पद्मविभूषण मिळालेल्या शिरोडकरांचे मार्च 1971 मध्ये निधन झाले. गर्भपाताच्या कायद्यासाठी नेमलेल्या शांतिलाल शाह समितीत ते होते. तो कायदा त्यांच्या निधनानंतर काही महिन्यांनी संमत झाला.

मग लघवीचे काय?

इथे गल्लत होते. शिरोडकर स्लिंग गर्भपिशवीसाठी आहे, लघवीसाठी नाही. नुसती पिशवी काढल्यानेही खोकताना लघवी सुटणे बरे होत नाही. उलट अंग खाली आलेले असताना मूत्रमार्गाला बाक येतो आणि लघवी अडून राहते. अंग वर गेल्यावर तो बाक जातो आणि काहींना लघवी सुटू लागते. याचा अर्थ ऑपरेशन फसले असा नाही. आधीपासूनचा दुसरा दोष उघड झाला, एवढेच.

त्यासाठी वेगळी स्लिंग असते. मूत्रमार्गाखाली पट्टी झोळीसारखी बसवतात. ती स्वतःच्या शरीरातली असते किंवा कृत्रिम जाळीची.

ती किती वर्षे टिकते?

जाळीच्या पट्टीचा नॉर्डिक देशांत 17 वर्षे पाठपुरावा झाला. तेव्हा तपासता आलेल्या बायकांपैकी 90 टक्क्यांहून अधिक जणींची लघवी तपासणीत सुटत नव्हती. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात स्वतःच्या शरीरातली पट्टी वापरली होती. अजिबात सुटायला नको आणि पुन्हा उपचार लागायला नको, या कडक निकषाने 5 वर्षांनी सुमारे 31 टक्केच उत्तीर्ण झाल्या. तरीही 83 टक्के जणी समाधानी होत्या. निकष वेगळे असल्याने हे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नका. पूर्ण कोरडे राहणे आणि जगणे सोपे होणे, यातले तुम्हाला काय अपेक्षित आहे, ते ऑपरेशनआधी डॉक्टरांशी बोला.

जाळीचे काही धोकेही आहेत. काहींना ती योनीमार्गात उघडी पडते, काहींना दुखणे राहते. म्हणूनच ब्रिटनमध्ये 2018 पासून तिच्या वापरावर निर्बंध आले.

तुम्ही काय करावे?

• आधी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम शिकून घ्या. लघवी रोखल्यासारखे स्नायू आवळायचे आणि सोडायचे. एका वेळी 8 वेळा, दिवसातून 3 वेळा, निदान 3 महिने.
• जुना खोकला, बद्धकोष्ठता आणि वजन यांवर उपचार घ्या. जमेल तितके जड ओझे टाळा.
• ऑपरेशन ठरलेच, तर विचारा: ही स्लिंग पिशवीची की लघवीची? पट्टी कशाची? कार्डावर तसे लिहून घ्या.
• लघवीतून रक्त आले, जळजळ झाली किंवा लघवी अडली, तर थांबू नका, लगेच दाखवा.

पिशवी काढायची घाई करण्याआधी ती वर धरता येते का, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना जरूर विचारा. शिरोडकरांनी हाच प्रश्न स्वतःला विचारला होता.