आनंदीबाईंनी निवडलेला विषय

भंडारा जिल्ह्यातील शहापूर असो वा पुणे, परिचर्येच्या पदव्युत्तर विद्यार्थिनीपुढे पहिला पेच उभा राहतो तो प्रबंधाच्या विषयाचा. मग जुने प्रबंध चाळले जातात आणि नियोजित अध्यापन कार्यक्रमाची परिणामकारकता हे ठरलेले शीर्षक, केवळ आजाराचे नाव बदलून, पुन्हा एकदा सादर होते. अशा वेळी डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या प्रबंधाचे स्मरण उद्‌बोधक ठरावे. त्या परिचारिका नव्हत्या. परंतु विषय कोठून येतो, हे त्यांच्याइतके स्पष्टपणे क्वचितच कोणाच्या चरित्रातून दिसते.

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या यमुनेचा विवाह वयाच्या नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाला आणि ती आनंदी झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. पुरुष वैद्यासमोर दुखणे उघड करण्यास स्त्रिया धजत नसत आणि स्त्री डॉक्टर तर उपलब्धच नव्हती. हा सल आनंदीबाईंच्या मनातून कधी गेला नाही. फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर येथे सभेपुढे उभे राहून त्यांनी अमेरिकेला जाण्यामागील हेतू सांगितला, तो हिंदू स्त्री डॉक्टरांच्या निकडीचाच होता.

त्याच वर्षी त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. परका प्रदेश, कडाक्याची थंडी आणि ढासळती प्रकृती यांच्याशी झुंजत त्यांनी अभ्यास केला. प्रबंधासाठी शिक्षकांच्या आवडीचा एखादा सोपा विषय घेता आला असता. त्यांनी घेतला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. प्राचीन भारतीय ग्रंथांतील गर्भिणी व सूतिका यांच्या संगोपनाचे ज्ञान त्यांनी पाश्चात्त्य वैद्यकाच्या विद्यापीठात मांडले. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

या प्रबंधाची मर्यादाही नमूद केली पाहिजे. तो मुख्यतः ग्रंथांच्या आधारे लिहिला गेला. मायदेशातील बाळंतिणींच्या प्रत्यक्ष नोंदी त्यात नव्हत्या. त्या नोंदींची संधी कोल्हापुरात होती. तेथील अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागाची जबाबदारी आनंदीबाईंकडे सोपविण्यात आली होती.

ती खाट, ती रुग्णा आणि ती नोंदवही त्यांच्या वाट्याला आलीच नाही. क्षयाने जर्जर होऊनच त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी अमेरिकेतील स्नेही कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत विसावल्या. प्रबंध मात्र फिलाडेल्फियात, ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात जतन झाला आहे.